जुन्या रहस्यपटांचे पुनर्दर्शन : व्हीसीडी ते पुनरुज्जीवित प्रत

प्रस्तावना :
राजा परांजपे दिग्दर्शित 'पाठलाग' (१९६४) हा मराठीतील एक महत्त्वाचा रहस्यपट होय. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रीय रौप्यपदक त्यास लाभले. सातारा-सांगली परिसराशी त्याचे नाते निकटचे आहे. परांजपे यांचा जन्म मिरजेचा, गीतकार ग. दि. माडगूळकर यांचा शेटफळ्याचा व शिक्षण काही काळ औंधला, तर गायिका आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा. असे चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी प्रथम पाहिले ते दूरदर्शनवर वा व्हीसीडीवर. आपण पाहिला तो मूळ चित्रपटच होता काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रहस्यपटाची भाषा :
कौटुंबिक चित्रपटात प्रतिमा धूसर झाली तरी संवादांच्या आधारे आशय पोहोचू शकतो. रहस्यपटाचे तसे नाही. त्यात अर्धवट उजेडातील चेहरा, क्षणिक नजर व पार्श्वध्वनी हे पुरावे असतात. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर 'पाठलाग' आधारलेला असून राज खोसला यांचा 'मेरा साया' (१९६६) ही त्याची हिंदी आवृत्ती होय. मृत पत्नीसारखीच दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर उभी राहते, हा दोहोंचा गाभा. तिच्या मुद्रेवरील सूक्ष्म बदल दिसले नाहीत, तर प्रेक्षकाचा संशय घेण्याचा अधिकारच हिरावला जातो.

घरगुती माध्यमांच्या मर्यादा :
आपल्याकडील व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असे. माहिती फार दाबून भरल्यामुळे काळोखाच्या भागात चौकोनी ठिपके उमटत. कृष्णधवल रहस्यपटाचे मर्म सावल्यांत असते आणि नेमका तोच भाग प्रथम नष्ट होई. एका तबकडीत सुमारे ७४ ते ८० मिनिटेच मावत असल्याने उत्कंठेच्या क्षणी तबकडी बदलावी लागे. डीव्हीडीने ही मर्यादा ७२० × ५७६ बिंदूंपर्यंत, तर ब्लू-रेने १९२० × १०८० पर्यंत वाढविली. तथापि, झिजलेली प्रिंट मोठ्या क्षमतेच्या तबकडीवर उतरविली, तर तिचे ओरखडेच अधिक स्पष्ट होतात.

पुनरुज्जीवनाची प्रक्रिया :
म्हणून खरे कार्य तबकडीपूर्वीच सुरू होते. प्रथम मूळ निगेटिव्ह वा तिच्या निकटची प्रत शोधली जाते. ती स्वच्छ करून प्रत्येक चौकटीचे स्कॅनिंग होते. नंतर ओरखडे, थरथर व प्रकाशाची चढउतार दूर करून ध्वनीतील खरखर कमी केली जाते. गहाळ भाग अन्य प्रतींतून मिळविला जातो. रॉबर्ट ऑल्ड्रिच यांच्या 'किस मी डेडली' (१९५५) या चित्रपटाच्या अखेरचा मिनिटाहून अधिक भाग प्रचलित प्रतींत नव्हता. त्यामुळे नायक जळत्या घरातच संपला असे वाटे. १९९७ मध्ये तो भाग पुन्हा जोडला गेला आणि नायक बाहेर पडतो हे स्पष्ट झाले. एका मिनिटाने चित्रपटाचा अर्थ बदलला.

या प्रक्रियेत संयमही आवश्यक आहे. हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'च्या (१९५८) १९९६ मधील पुनरुज्जीवनात काही ध्वनी नव्याने निर्माण केल्याबद्दल टीका झाली. जीर्णोद्धार म्हणजे नवी रंगरंगोटी नव्हे.

समारोप :
पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह अनेक नायट्रेट रिळे नष्ट झाली. २०२२ मध्ये शासनाने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानांतर्गत सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा केली. ही बाब स्वागतार्ह असली, तरी मागणी असल्याशिवाय प्रादेशिक चित्रपटांकडे लक्ष वेधले जाणार नाही. ही मागणी निर्माण करणे महाविद्यालयांना शक्य आहे. ग्रंथालयाने चित्रपट घेताना ग्रंथाची आवृत्ती पाहावी त्याप्रमाणे त्याच्या प्रतीची चौकशी करावी. 'पाठलाग' व 'मेरा साया' यांची वर्गात तुलना करताना अध्यापकाने दोहोंची लांबी व प्रतीची अवस्था प्रथम नोंदवावी. एकीची घासलेली व दुसऱ्याची स्वच्छ प्रत समोर असेल, तर आपण दिग्दर्शकांची नव्हे, प्रतींचीच तुलना करीत असतो. पाठचिकित्सेशिवाय संतवाङ्मयाचा अभ्यास आपण प्रमाण मानत नाही. चित्रपटासही तोच न्याय लावणे उचित ठरेल.