सिसिलीचं द्राक्ष, निफाडची माती आणि आपलं ताट

आज आपण एका लाल वाइनबद्दल बोलणार आहोत. विचुंब्यात बसून भूमध्य समुद्रातल्या बेटाच्या वाइनची चर्चा कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. तर त्याचं कारण असं, की त्या बेटाचं द्राक्ष आपल्या नाशिक जिल्ह्यात येऊन पोचलेलं आहे. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला रेवेलो नावाची वायनरी आहे. तिने 'नेरो दाव्होला' या सिसिलीच्या द्राक्षाची वाइन आपल्याकडे बाटलीत भरली.

आधी नावाचा उलगडा करू. 'नेरो' म्हणजे काळं, आणि आव्होला हे सिसिलीच्या आग्नेय टोकाला, सिराक्यूज शहराजवळ असलेलं गाव. म्हणजे 'आव्होल्याचं काळं', एवढाच अर्थ. आपण नाही का 'वसईची केळी' म्हणत, तसंच. ग्रीक लोक या किनाऱ्यावर इसवी सनापूर्वी आठव्या शतकात वस्तीला आले, तेव्हापासून तिथं वाइनची परंपरा आहे.

पण या द्राक्षाला मान मिळाला तो फार उशिरा. रंग गडद, उन्हामुळे साखर भरपूर, आणि साखर जास्त म्हणून अल्कोहोलही जास्त. त्यामुळे झालं काय, तर उत्तर इटली आणि फ्रान्समधल्या फिक्या वाइनमध्ये रंग आणि दम आणायला ही वाइन जहाजं भरभरून जायची. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तर मागणी आणखी वाढली. माल सिसिलीचा, लेबल दुसऱ्याचं! गेल्या काही दशकांत तिथल्या उत्पादकांनी स्वतःच्या नावाने बाटली भरायला सुरुवात केली, तेव्हा चित्र बदललं. नेरो दाव्होला आणि फ्रापातो या दोन द्राक्षांची 'चेरासुओलो दी व्हित्तोरिया' ही वाइन 2005 साली इटलीच्या सर्वोच्च दर्जात गेली. सिसिलीत हा दर्जा असलेली तेवढी एकच.

आता हे द्राक्ष आपल्याकडे कसं वाढतं ते पाहू. सिसिली 37 अंश उत्तरेला, नाशिक 20 अंशांवर. तिथं पाऊस हिवाळ्यात, आपल्याकडे पावसाळ्यात. तिथली वेल थंडीत झोपते, वसंतात फुटते आणि साधारण सप्टेंबरात तोडणीला येते. आपली वेल झोपतच नाही. म्हणून आपला शेतकरी वर्षात दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. मग ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी, तिच्यातून घड येतात. तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत. थोडक्यात, जे द्राक्ष तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी पिकतं, ते इकडे थंडीच्या शेवटी पिकतं. नाशिकच्या थंड रात्री आंबटपणा टिकवतात. आणि उष्ण हवेतही आंबटपणा न सोडणं हा तर या जातीचा गुणच.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. वाइनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा घेतो, मनुके करता येतात. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वायनरी. महाराष्ट्राने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिककडे वायनऱ्या उभ्या राहिल्या. पण 2008 नंतर मंदी आली, मागणी पडली, आणि कित्येक शेतकऱ्यांना वाइनच्या वेली उपटाव्या लागल्या. तेव्हा बाटलीवर कोणत्या जातीचं आणि कुठल्या मातीचं नाव आहे, हा नुसता शौकाचा प्रश्न नाही. नाव टिकलं तर गिऱ्हाईक टिकतं, आणि गिऱ्हाईक टिकलं तर वेल टिकते. सिसिलीने हेच शिकवलं.

आता ताटाकडे वळू. सिसिलीत वांगं, टोमॅटो, व्हिनेगर आणि थोडी साखर घालून 'कापोनाता' करतात, ती या वाइनच्या पंगतीत शोभते. आपल्याकडे तिच्या जवळचं काय? चिंचगुळाचं भरलं वांगं! जेवण आंबट असेल तर वाइनमध्येही आंबटपणा हवा, नाहीतर ती पाणचट लागते. हिच्यात तो आहे.

मटण चालतं, पण सांभाळून. आपल्या पनवेलच्या आगरी मसाल्याचा झणका सगळ्यांना ठाऊक आहे. अल्कोहोलमुळे तिखट आणखी झोंबतं. म्हणून झणझणीत रश्श्यापेक्षा बेताच्या तिखटाचं, खोबऱ्याचं सुकं मटण आणि तांदळाची भाकरी बरी. मटणाची चरबी आणि मीठ वाइनचा तुरटपणा मऊ करतात.

सुकट, बांगडा असेल तर मात्र लाल वाइन बाजूला ठेवा. लाल वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात धातूसारखी, उग्र चव येते. तिथं पांढरी वाइन घ्यावी. सिसिलीच्याच 'ग्रिल्लो' या पांढऱ्या द्राक्षाची वाइनही रेवेलोने केलेली आहे.

आणखी एक. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा. आपल्याकडे मे महिन्यात खोली 33 अंशांवर असते, तेव्हा नुसता अल्कोहोलचा भपका येतो. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवा, 16 ते 18 अंशांवर ती खुलते. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा.

आणि हो, वाइन ही शेवटी दारूच आहे, औषध नव्हे. घेणाऱ्याने बेतानं घ्यावी, न घेणाऱ्याने भरल्या वांग्यावर ताव मारावा. आता तुमचे प्रश्न घेऊ.