सिंह झाडावर, आपण जीपमध्ये

टांझानियाच्या सफारीला निघालेली मंडळी लेक मन्यारा उद्यानाला जेमतेम अर्धा दिवस देतात. अरुशाहून निघायचं, सव्वाशे किलोमीटरवरचं मन्यारा उरकायचं आणि गोरोंगोरो-सेरेंगेटीकडे सुटायचं. मन्याराचा जीव तो केवढा? 330 चौरस किलोमीटरच्या आसपास. सेरेंगेटी साडेचौदा हजारांच्या वर! त्यात तळं तुडुंब भरलं की निम्म्याहून जास्त उद्यान पाण्यात. उरते ती पाणी आणि खचदरीचा उंच कडा यांच्यामधली चिंचोळी पट्टी. पण त्या पट्टीत ऐवज ठासून भरलाय.

फाटकातून आत शिरलं की आधी दाट झाडीच लागते. पाऊस इथे बेताचाच, मग एवढं हिरवं कसं? वरच्या ज्वालामुखी डोंगरांत मुरलेलं पाणी कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडतं आणि त्यावर हे जंगल पोसतं. कड्याच्या उतारावर गोरखचिंचाही आहेत. आपल्याकडे अधूनमधून भेटणाऱ्या अवाढव्य गोरखचिंचेचं माहेर हेच, आफ्रिका. रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या बबूनांचे मोठमोठे कळप मात्र खिडकीची काच वर करूनच पाहावेत. खाऊची पिशवी त्यांना आपल्याआधी दिसते.

आता ज्यांच्यासाठी सगळे माना वर करून हिंडतात ते सिंह. मन्याराचे सिंह झाडावर चढतात. बाभळीच्या आडव्या फांदीवर पोट टेकलेलं, चारही पाय दोन्हीकडे लोंबकळत सोडलेले, शेपूट खाली, असा जंगलचा राजा पाहिला की हसूच येतं. बिबट्या शिकार वर ओढून नेतो. हे महाराज नुसते लोळायला चढतात. का? कुणी म्हणतं खालच्या चावऱ्या माश्यांना कंटाळून, कुणी म्हणतं वर वारा लागतो म्हणून, कुणी म्हणतं लांबचं दिसतं म्हणून. एकमत नाही. युगांडातल्या इशाशा भागातल्या सिंहांनाही हाच नाद आहे. ते दिसतीलच याची हमी मात्र कुठलाच शहाणा वाटाड्या देत नाही.

तळ्याचं पाणी खारं आणि सोडायुक्त, थेट आपल्या लोणारच्या जातकुळीतलं. जून 2020 मध्ये लोणारचं पाणीच गुलाबी झालं होतं, खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. इथे पाणी तसंच राहतं, गुलाबी होतात ते पक्षी. लहान रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो. रंग त्या शेवाळातल्या द्रव्यांचा. पिल्लं जन्मतात ती राखाडी-पांढरीच. औषधांच्या दुकानात स्पायरुलिना नावाने मिळणाऱ्या हिरव्या गोळ्या याच शेवाळाच्या भाईबंदांच्या. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी येणारे लहान रोहितही याच जातीचे. मात्र मन्याराला त्यांची गर्दी असेलच असं नाही. पाण्याची पातळी बदलली की ते मुक्काम हलवतात.

हत्तींवर इथे थोडं थांबायलाच हवं. आपल्याकडे सुळे फक्त नराला. इथे माद्याही सुळेवाल्या. 1960 साली हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच दशकाच्या मध्यावर इयन डग्लस-हॅमिल्टन हा तरुण संशोधक इथे येऊन राहिला. त्याने शेकडो हत्ती एकेक करून ओळखायला सुरुवात केली. खुणा कसल्या? कानाच्या कडेची खाच, कानातलं भोक, सुळ्याचा बाक. त्यातून दिसलं की कळपाचा कारभार आजीबाईंच्या हाती असतो: कुठे चरायचं, पाण्याला कधी जायचं, धोका दिसला तर पळायचं की अंगावर जायचं, सगळं त्याच ठरवणार. आज आपल्याला हे माहीत असल्यासारखं वाटतं, पण तेव्हा जंगली हत्तींच्या घरातलं राजकारण असं जवळून फारसं कुणी पाहिलंच नव्हतं.

जाता जाता पाणघोड्यांचा डोह. एवढा पाण्यात राहणारा हा गडी खरं म्हणजे पोहत नाही, तळावर पाय टेकून चालतो. त्याच्या कातडीतून पाझरणारा लालसर चिकट द्रव पाहून पूर्वी लोकांना वाटायचं, घामातून रक्त येतंय. तसं काही नाही. तो द्रव त्याला उन्हापासून आणि जंतूंपासून वाचवतो. सनस्क्रीन विसरायची भीती फक्त जीपमधल्यांना.