सरासरीत न मावणारं बेट

छत्तीसगडमधलं भिलाई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २१ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला साधारण २० अंशांवर. सूर्याच्या हिशेबाने पाहिलं तर दोन्ही ठिकाणं उष्ण कटिबंधातली आणि कर्कवृत्त-मकरवृत्तांपासून जवळपास सारख्याच अंतरावरची. फक्त ऋतू उलटे. तरीही नौतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत भिलाईत पारा ४५ अंशांकडे झेपावतो, आणि मॉरिशसमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल या उन्हाळ्याचं सरासरी तापमान २४.७ अंश, तर हिवाळ्याचं २०.४ अंश. याचं उत्तर लगेच सुचतं: समुद्र. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. समुद्रामुळे बेटाचं हवामान सौम्य होतं. त्या बेटाच्या कोणत्या गावाला ऊन आणि कोणत्या गावाला पाऊस, हा निवाडा मात्र लाव्हाने उभारलेली उंची करते.

आकडे पाहू. मॉरिशसचा सरासरी वार्षिक पाऊस सुमारे २,००० मिलिमीटर. पश्चिम किनाऱ्यावर तो ८०० मिलिमीटरच्या आसपास, पूर्व किनाऱ्यावर १,५०० आणि मधल्या पठारावर ४,००० पर्यंत. हे सगळं १,८६५ चौरस किलोमीटरच्या बेटावर. पठारावरचं क्युरपीप साडेपाचशे मीटर उंचीवर. धुकं, रिमझिम आणि किनाऱ्यापेक्षा सुमारे ५ अंशांनी उतरलेला पारा ही त्याची ओळख. तिथून जेमतेम २० किलोमीटरवरची राजधानी पोर्ट लुई त्या मानाने कोरडी आणि उष्ण. दोन्ही शहरांभोवती समुद्र एकच. मग फरक येतो कुठून? आग्नेयेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे दमट हवा आणतात. पठाराशी ती वर चढते, थंड होते, बरसते, आणि पलीकडे उतरते तेव्हा रिती झालेली असते. उलट भिलाई आणि रायपूर यांच्या हवामानात नाव घेण्यासारखा फरक नाही. छत्तीसगडचं हे मैदान प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या थरांचं. नंदिनीच्या खाणीतून भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाणारा चुनखडक त्यातलाच. थर बहुतांशी आडवेच राहिले, म्हणून जमीन सपाट आणि पाऊस एकसारखा.

यावर कोणी म्हणेल, हे तर सह्याद्रीही करतो. महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि पायथ्याच्या वाईला त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आक्षेप रास्त आहे, आणि सह्याद्री व मॉरिशसचं नातं योगायोगाचंही नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड ज्या तप्तस्थळावरून (भूगर्भातून लाव्हा वर येण्याच्या जागेवरून) सरकत होता, त्याच्याशीच दख्खनच्या लाव्हाचा संबंध जोडला जातो. त्या काळ्या थराची पूर्वेकडची कड मैकल रांगेत अमरकंटकपर्यंत पोहोचते. भूखंड उत्तरेला निघून गेला, तप्तस्थळ मागे राहिलं, आणि त्यानेच मॉरिशस ८०-९० लाख वर्षांपूर्वी आणि त्यानंतर शेजारचं रियुनियन समुद्रातून वर काढलं. पण दख्खनचा लाव्हा भेगांतून वाहून पसरला. त्याची पर्जन्यछाया शेकडो किलोमीटर लांब, आणि वारे ऋतूनुसार फिरणारे. बेटावर ही सारी कथा वीसएक किलोमीटरांत संपते, आणि वारा बारमाही एकाच बाजूचा असल्याने ओली बाजू ओलीच राहते.

दुसरा आक्षेप उंचीचा. मॉरिशसचं सर्वोच्च शिखर अवघं ८२८ मीटर. एवढ्याशा टेकाडाचा महिमा कशाला? त्याचं उत्तर रियुनियन देतं. तिथलं पितों दे नेज ३,०७० मीटर उंच. जानेवारी १९६६ मध्ये त्या बेटावरच्या फोक-फोक इथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या ९४४ मिलिमीटरच्या जवळपास दुप्पट. हे चक्रीवादळाचं पाणी होतं, डोंगराचं नव्हे, असं कोणी म्हणेल. पण वादळ पाणी आणतं, ते एका जागी पिळून काढतो डोंगरच. उंची वाढली की तोच नियम अधिक कठोरपणे लागू होतो.

पडलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, हेही खडकच ठरवतो. मॉरिशसच्या तरुण लाव्हात पोकळ्या आणि भेगा भरपूर. पाऊस झिरपून भूजलात जातो. त्याच लाव्हाने शेतं दगडांनी भरली. १८३४ पासून करारावर आलेल्या भारतीय मजुरांनी ते धोंडे हातांनी वेचून उसाच्या शेतांत रचले. काही ढीग आजही उभे आहेत. मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसं त्यांतच होती. गणेशचतुर्थी तिथे सार्वजनिक सुटीचा दिवस असतो. भिलाईत तेव्हा पावसाळा, तिथे मात्र थंड, कोरड्या हंगामाची अखेर. पंचांग सोबत गेलं, ऋतू गेले नाहीत.

म्हणून ‘उष्णकटिबंधीय बेट’ हे शब्द हवामानाचं वर्णन म्हणून तोकडे पडतात. सरासरीचे २,००० मिलिमीटर क्युरपीपच्या माणसाला निम्मे आणि पश्चिम किनाऱ्याच्या शेतकऱ्याला अडीचपट वाटतील. भिलाई-रायपूरला एक आकडा पुरतो, कारण मधली जमीन सपाट आहे. लाव्हाच्या बेटावर मात्र आकड्याआधी विचारावं लागतं: गाव किती उंचीवर, आणि डोंगराच्या कोणत्या अंगाला?