नैराश्य : उपचार घरापर्यंत कसे पोहोचतात?

"डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगात ताकद नाही, एक सलाईन लावा." पैठण, कन्नड, सिल्लोडकडून छत्रपती संभाजीनगरला येणारे अनेक रुग्ण असं सांगतात. तपासण्या नॉर्मल येतात. यातल्या काहींना नैराश्य असतं. पण 'मन लागत नाही' म्हणून दवाखान्यात सहसा कोणी येत नाही.

उपचार का मिळत नाहीत?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, नैराश्य आणि चिंता यांसारख्या आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. 'लोक वेडा म्हणतील' ही भीती, शहरापर्यंतचा प्रवास आणि बुडणारी मजुरी ही त्याची नेहमीची कारणं.

आशाताईंची भूमिका

म्हणूनच रुग्णाची वाट न पाहता त्याच्या घरी जावं लागतं. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन तणावाची लक्षणं विचारतात आणि गरज असलेल्यांना आरोग्य केंद्राकडे पाठवतात.

याचा उपयोग होतो का? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी हे काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

घरच्यांनी काय पाहावं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं ही मुख्य लक्षणं. सोबत झोप-भूक बिघडणं, चिडचिड, दारू वाढणं, बोलणं कमी होणं हेही दिसू शकतं. आशाताईंना हे मोकळेपणाने सांगा.

उपचारांबद्दल गैरसमज

- नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची सवय लागत नाही. मात्र त्या अचानक बंद करू नयेत.
- गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.
- सौम्य नैराश्यात बऱ्याचदा समुपदेशन पुरेसं ठरतं.

धोक्याची सूचना

"मी नसलो तरी चालेल" असं कोणी म्हणालं, तर विषय टाळू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन हलकं होतं. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. कीटकनाशकं घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. अनेकदा तो क्षण टळला की जीव वाचतो. लगेच घाटी किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

बोलण्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २४ तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.