शोधनिबंधातले संदर्भ

शोधनिबंधात दुसऱ्याचे निष्कर्ष वापरले, तर ते कुठून घेतले हे सांगावेच लागते. कसे सांगायचे, ते मात्र प्रत्येक नियतकालिक ठरवते. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले आणि त्यातून आज अनेक नियतकालिकांत दिसणारी व्हँकूव्हर पद्धत रुजली. मजकुरात पहिल्यांदा येणाऱ्या स्रोताला १, पुढच्याला २. तोच स्रोत पुन्हा आला तर जुनाच क्रमांक. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध घ्या. शेवटच्या यादीत त्याची नोंद अशी होते: आधी आडनावे व आद्याक्षरे, मग शीर्षक, ‘नेचर’, १९५३, खंड १७१, पृष्ठे ७३७-७३८. हार्वर्ड पद्धतीत आडनाव आणि वर्ष मजकुरातच कंसात देतात व शेवटची यादी वर्णक्रमाने लावतात.

झोटेरोसारखे मोफत सॉफ्टवेअर ही मांडणी झटपट बदलून देते. नोंदीतली चूक मात्र त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक नोंद मूळ निबंधाशी ताडून पाहावी, डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, उघडून पाहावा. न वाचलेला निबंध दुसऱ्याच्या यादीतून उचलणे हे तर चुकलेल्या स्वल्पविरामापेक्षा कितीतरी गंभीर आहे, कारण त्यामुळे मूळ लेखकाने कधीच न मांडलेले विधान त्याच्या नावावर चढू शकते.