दूरध्वनीवरून मनाचे समुपदेशन

पिकावर रोग पडला की शेतकरी रोगट पान घेऊन जाणत्याकडे जातो. बैलाने वैरण टाकली की तो पशुवैद्यास बोलावितो. परंतु पावसाने ओढ दिली, कर्जाचा हप्ता थकला आणि घरच्या कर्त्या माणसाची झोप उडाली, तर "उगाच काळजी करू नकोस" एवढे सांगूनच त्याची बोळवण होते. मनाच्या दुखण्यावरही शास्त्रीय उपाय आहेत. ते आता दूरध्वनीवरून घरबसल्या मिळू शकतात.

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक होय. ही सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असते व तेथे मराठीतून बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. दुखणे अधिक गंभीर वाटल्यास तो प्रकरण मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयाकडे सोपवितो.

याखेरीज काही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ दूरध्वनीवरून अथवा दृक्-संभाषणाद्वारे ठरावीक वेळी नियमित भेटी देतात. अशा तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये; बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी आपण पाहतोच. मानसशास्त्रज्ञ औषधे लिहून देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचे आहे.

पहिल्या भेटीत काय होते?

तज्ज्ञ प्रथम आपली ओळख देतो व समोरच्या व्यक्तीची संमती घेतो. ती व्यक्ती कोठे आहे, एकटी आहे काय, हे तो विचारतो आणि अडचणीच्या वेळी कळविण्यासाठी एका जवळच्या माणसाचा क्रमांक टिपून घेतो. तज्ज्ञ दूर असल्यामुळे ही माहिती फार महत्त्वाची असते. त्यानंतर झोप, भूक, कामातील लक्ष, दारूचे प्रमाण यांची चौकशी होते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात काय, हेही तो स्पष्टपणे विचारतो. असे विचारल्याने तो विचार बळावत नाही; उलट मनावरचे ओझे हलके होते.

झालेले बोलणे गुप्त ठेवण्याचे बंधन तज्ज्ञावर असते. जिवाला धोका असेल तेव्हाच, आवश्यक तेवढी माहिती इतरांना दिली जाते.

उपाय कोणते?

समजा, एखाद्या शेतकऱ्याचे सोयाबीन हातचे गेले आहे, सोसायटीचे कर्ज थकले आहे आणि त्याने चार लोकांत जाणे सोडले आहे. समुपदेशक त्याचे कर्ज फेडू शकत नाही व तसे आश्वासनही देत नाही. एकत्र गुंतलेल्या चिंता तो एकेक करून सोडवावयास लावतो : यांतील कोणती गोष्ट आपल्या हाती आहे, कोणती नाही, आणि या आठवड्यात कोणते एक काम करता येईल? बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करणे, हे असे एक काम होय. रोज ठरल्या वेळी उठणे, शेतावर फेरी मारणे, एखाद्या सोबत्याशी बोलणे, संथ श्वसनाचा सराव करणे, असे लहान पाठही दिले जातात. पुढील भेटीत त्यांचा आढावा घेतला जातो. सुधारणा हळूहळू होते. एका भेटीत सर्व साधेल अशी अपेक्षा धरू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

१. खचलेल्या माणसाचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकावे. उपदेश अथवा दोषारोप करू नये.

२. बोलण्यासाठी एकांताची व संपर्क नीट लागेल अशी जागा मिळवून द्यावी. क्रमांक लावून दिल्यावर आपण बाजूला व्हावे.

३. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या विश्वासू माणसाकडे देण्याविषयी कुटुंबीयांस सांगावे. संकटाचा क्षण पुष्कळदा थोडा वेळच टिकतो. तेवढा वेळ टळला तर जीव वाचतो.

४. पीक विमा, पंचनामा व कर्ज यांसंबंधीच्या कामांत प्रत्यक्ष मदत करावी. समुपदेशन या मदतीची जागा घेऊ शकत नाही.

५. तातडीचा धोका दिसल्यास त्या व्यक्तीस क्षणभरही एकटे सोडू नये. ११२ अथवा १०८ क्रमांकावर कळवून तिला रुग्णालयात न्यावे. अशा वेळी केवळ दूरध्वनीवर विसंबून राहू नये.

कायद्याचे भय बाळगून पुष्कळ कुटुंबे गप्प राहतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असेच मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ सामान्यतः गृहीत धरतो, आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो. मदत मागणे हा गुन्हा नाही व त्यात कमीपणाही नाही.

यास्तव १४४१६ हा क्रमांक ग्रामपंचायत, सोसायटी व कृषी सेवा केंद्र यांच्या फलकांवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. एक हंगाम गेला तर दुसरा येतो. माणूस मात्र राखला पाहिजे.