फुलं ढीगभर, मग कोहळं का नाही?

पुण्याच्या रूममेटला सांगून बघा, 'आज कोहळ्याची भाजी आहे.' त्याच्या डोळ्यांसमोर पेठ्याचा पांढरा कोहळा येईल. आपल्या वऱ्हाडात कोहळं म्हणजे त्याचा लाल भोपळा. गूळ घालून ज्याची बोंडं तळतात ते. लावायला एकदम सोपं. पण एक तक्रार मात्र नेहमीची: वेल पार गच्चीवर गेला, फुलं ढीगभर आली, कोहळं एकही धरलं नाही!

मग कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं वेलच नर निघाला. दोन्ही चूक. नर आणि मादी फुलं एकाच वेलावर येतात. आधी येतात ती बहुतेक नर, ती गळणारच. मादी फूल ओळखायचं कसं? पाकळ्यांच्या खाली इवलंसं गोल कोहळं दिसतं. फूल पहाटे उमलतं आणि ऊन तापलं की मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी फिरकली नाही, तर ते इवलं फळ पिवळं पडून गळून जातं.

अशा वेळी मधमाशीची ड्युटी तुम्ही करा. सकाळी सहा-सातला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. दोन मिनिटांचं काम. काही दिवसांत फळ फुगायला लागलं, म्हणजे जमलं! उरलेल्या नर फुलांची भजी करा. फुलं उमललेली असताना कीटकनाशक मात्र मारू नका. येणारी मधमाशीही जाईल.

लावायचं कधी? मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा 45 च्या घरात जातो आणि कडक उन्हात नर फुलंच जास्त येतात. म्हणून पाऊस नीट सुरू झाला की बी टोका. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं सडतात. त्यामुळे शेणखत मिसळून उंचवटा करा, त्यावर दोन-तीन बिया लावा. रोप दोन पानांवर असताना तांबडे भुंगे पानांची चाळणी करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

अडलं तर विचारायला लांब जायची गरज नाही. अकोल्यात 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत श्री शिवाजी उद्यानविद्या महाविद्यालय आहे. तिथे शिकणारा एखादा दोस्त गाठा.

बी टोकल्यापासून साधारण साडेतीन-चार महिन्यांत, म्हणजे जवळपास एका सेमिस्टरमध्ये, फळ तयार होतं. सालीत नख रुतेनासं झालं आणि देठ वाळला की दोन बोटं देठ ठेवून कापा. असं अख्खं कोहळं घरात दोन-तीन महिने आरामात टिकतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा बोंडांसाठी आईच्या हातात तुमच्या वेलाचंच कोहळं द्या!